डावा पीळ

चौसष्टाव्या फोटोला दर्शनाचा हात थांबला. तोवर सगळं नेहमीच्या क्रमानं चाललं होतं. आंबेनळी घाटात जळालेली पिकअप क्रेननं खाली आणून पोलादपूरला पोलीस ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत ठेवली होती, आणि विमा कंपनीनं पाठवलेली सर्व्हेयर म्हणून दर्शना सकाळी नऊपासून तिच्याभोवती फिरत होती. आधी चारी कोपऱ्यांतून गाडी, मग चासीवरचा नंबर, काजळी पुसण्याआधी एकदा आणि पुसल्यावर एकदा. काही हलवायच्या आधी फोटो, हलवल्यावर फोटो, शेजारी सहा इंची पट्टी. जळक्या गाडीचा वास नाकात शिरला की आधी घशाला लागतो, मग दिवसभर जेवणाला लागतो. त्याची तिला बारा वर्षांत सवय झाली होती. बॅटरीच्या डाव्या अंगाला राखेचा ढीग होता. रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं तिनं तो हळूहळू बाजूला केला, आणि खालून दोन बोटं लांबीची तांब्याची तार वर आली. मधोमध जोड. एका टोकाला मोहरीएवढा चकचकीत मणी, तारेत वीज असताना ठिणगी पडली की तांबं असंच गोळा होऊन थिजतं. मण्याकडे तिनं नीट पाहिलंच नाही. ती जोडाकडे बघत राहिली. तारेचा पीळ उलटा होता. शंभरातली नव्याण्णव माणसं तार उजवीकडे पिळतात. हा डावीकडे पिळलेला होता, सहा वेढे एकाला एक चिकटून, आणि शेवटचं शेपूट मुडपून परत वेढ्यांखाली खुपसलेलं. असा जोड करणारा एकच माणूस तिला माहीत होता. तो या वेळी महाडला काकरतळे भागातल्या घरात पेपर वाचत बसलेला असणार होता.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण लोक हट्टी माणसाला लावतात. दर्शनानं ती लहानपणी आईच्या तोंडून बाबांबद्दलच शंभर वेळा ऐकली होती. पण सुंभ खरोखर जळून गेला आहे, वरचं प्लास्टिक, टेप, रबर सगळ्याची राख झाली आहे आणि पीळ तेवढा उघडा पडून आपल्याकडे बघतो आहे, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आणि गंमत म्हणजे तिच्या मनात पहिल्यांदा आली ती भीती नव्हती. पहिल्यांदा आलं ते असं, की काय जोड आहे! एवढ्या आगीत एक वेढा सुटलेला नाही. भीती त्याच्या मागून आली, जिन्यावरून कुणी चपला हातात घेऊन यावं तशी.

गाडीचा मालक हैबती वीस पावलांवर झाडाच्या मुळावर बसला होता, शेजारी त्याची बायको राहीबाई. दोघं कुडपणची. वर पठारावर शेती, आणि या पिकअपमधून गावाचा माल पोलादपूर-महाडला पोचवायचा, येताना खत, पत्रे, आजारी माणूस, जे असेल ते आणायचं. परवाच्या दुपारी नाचणीची पोती घेऊन खाली येताना वळणावर धूर दिसला. हैबतीनं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, चाकाखाली दगड लावला. राहीबाई उतरली ती पुन्हा आत वाकली आणि कागदांची पिशवी घेऊनच बाहेर आली. तिच्या उजव्या तळव्याला पट्टी होती.

"हैबतीदादा," दर्शना उठून त्यांच्याजवळ गेली, "पुढे जास्तीचे दिवे लावले होते का?"

"व्हय मॅडम. धुक्याचे. पावसाळ्यात आंबेनळीला हाताला हात दिसत नाय."

"कुणी बसवले?"

"महाडचा चांगू वायरमन होता ना हायवेला, त्यानं. चार वर्सं झाली. लय चांगला मानूस. आता दुकान गेला त्याचा रुंदीकरणात." मग त्याचा चेहरा उतरला. "त्या दिव्यांनी काय झाला का?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "अलीकडे काही काम केलं होतं गाडीचं?"

"पंधरवड्यापूर्वी डिझेल गळत होता. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीनं नळी बदलून दिली. बिल नाय त्याचा."

तिनं ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. राहीबाई पुढे सरकली. ती म्हणाली, "तुम्ही बाईमानूस बघून मला बरा वाटला. तुम्ही खरा काय ता लिवा, बाकी आमचा काय म्हनना नाय." तिला कल्पना नव्हती की ती काय मागते आहे. दर्शना परत गाडीकडे वळली आणि राखेजवळ गुडघे टेकून बसली, पण कॅमेरा तिनं उचलला नाही.

हा फोटो काढला नाही तर? जोडाचा एक बारीक तुकडा. पिशवीत टाकला, वाटेत सावित्रीच्या पुलावरून खाली सोडला, तर जगात कुणाचं काही अडणार नव्हतं. हैबतीचं भलंच होणार होतं. कारण बाहेरून जोडलेली तार दिसली की कंपनीतली माणसं काय म्हणून दावा नाकारतात ते तिला पाठ होतं. आणि बाबांचं नाव कुठल्याही कागदावर येणार नव्हतं. दोन्ही बाजूंनी इतकं सोपं असलेलं खोटं तिच्या धंद्यात तिला कधी भेटलं नव्हतं. तिला घाम आला. फेब्रुवारीचं ऊन अजून चढायचं होतं, तरी आला. ती अकरा वर्षांची होती तेव्हा शाळा सुटली की हायवेवरच्या त्या पत्र्याच्या दुकानात जायची आणि बाबा ट्रकच्या पोटाखाली झोपून काम करत असताना टॉर्च धरून बसायची. तिला उजेड धरायला आवडायचं. बाबा बोलायचे नाहीत, नुसती हनुवटी हलवायचे, आणि उजेड तिकडे सरकायचा. एकदा एक ट्रकवाला हसून म्हणाला, काय रे चांगू, पोरीला वायरमन करतो काय? बाबा ट्रकखालूनच म्हणाले, ती होईल तर मला काय, तिचा हात हलत नाय. एवढंच. पण ते वाक्य घेऊन ती डिप्लोमाला गेली, वर्गात चौघी मुली होत्या तिथं बसली, परीक्षा देऊन सर्व्हेयरचा परवाना आणला. पहिल्या कामाला गेली तेव्हा गॅरेजवाला तिला खुर्ची देऊन म्हणाला होता, बसा, सर्व्हेयरसाहेब येतीलच आता. महापुराच्या वर्षी महाडात चिखलातून काढलेल्या गाड्यांची रांग लागली होती. गुडघ्याएवढे गमबूट घालून ती दिवसाला चाळीस गाड्या बघायची, आणि तोच गॅरेजवाला लोकांना सांगायचा, मॅडमनी बघितली ना, मग दुसऱ्याला दाखवायची गरज नाय. हे सगळं तिनं कमावलं होतं. त्या राखेपुढे बसून तिला कळलं की आपला अभिमान ज्या दोन खांबांवर उभा आहे, त्यांतला एक बाबांचा हात आहे आणि दुसरा आपला डोळा, आणि आज एकानं दुसऱ्याला पकडलं आहे. डोळ्यानं ओळखलंच नसतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. पण ज्या डोळ्यानं ओळखलं नसतं तो डोळा तिला नको होता.

तिनं फोटो काढला. पट्टी ठेवून एक, जवळून एक, तिसरा मण्याचा. मग उरलेली गाडी तिनं जशी बघायची तशीच बघितली, उलट नेहमीपेक्षा सावकाश. उजव्या अंगाला, इंजिनाच्या खालच्या बाजूला पत्रा जळून काळ्याचा पांढरा झाला होता. ॲल्युमिनियम वितळून खाली थिजलं होतं. जिथं आग सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळ असते तिथं लोखंड असं पांढरं पडतं. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीची पकड जाग्यावर होती, पण तिचा स्क्रू आवळलेला दिसत नव्हता. दर्शनाचं काळीज एकदम हलकं झालं, आणि त्या हलकेपणाचाच तिला संशय आला. हे मला दिसतंय, की मला दिसायला हवंय? असा प्रश्न आजवर कधी पडला नव्हता. तो पडला तिथंच ही फाइल तिची राहिली नाही, हे तिनं मनात पक्कं केलं. एकशे अठ्ठेचाळीस फोटो झाले. जोड आणि पकड दोन वेगळ्या डब्यांत सीलबंद करून तिनं पोलिसांसमोर ठेवले, पावती घेतली.

मग तिनं पनवेलला कंपनीच्या किशोरला फोन लावला. दावे बघणारा हा माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त फाइल टेबलावरून उठलेली बघायला आवडायचं.

"बाहेरची वायरिंग सापडली ना? मग झालं की मॅडम," तो म्हणाला. "गाडीत परवानगीशिवाय बदल. दोन ओळी लिहा, आपण नाकारून टाकू."

"आग तिथून लागली असं मी म्हटलेलं नाही. आणि किशोर, तो जोड माझ्या वडिलांच्या हातचा आहे. मी तसं लिहून देते. फाइल दुसऱ्या सर्व्हेयरकडे द्या."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्याशिवाय हे कोणाला कळणार होतं?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली.

चारच्या सुमारास ती घरी पोचली. आई मुंबईला धाकट्या बहिणीच्या, सारिकाच्या, बाळंतपणाला गेली होती. बाबा ओट्यावर बसून शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बघत होते. दुकान गेल्यापासून तीन वर्षांत त्यांच्या हाताची बोटं आखडत चालली होती, पण कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री दारात आल्याशिवाय त्यांना करमत नसे. दर्शनानं पाणी प्यायलं, जीन्सला हात पुसले आणि उभ्यानंच सांगितलं, "बाबा, मी एक फाइल परत केली. कुडपणच्या हैबतीची पिकअप जळालीय घाटात. दिव्यांची वायरिंग तुमची आहे. तसं मी कंपनीला लिहून दिलंय."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "माझा नाव लिवलास?"

"हो."

"जोड जळला?"

"ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येनार नाय म्हंजे? माझ्या जोडानं आग लागली काय, येवढा तरी सांग गो."

तिला सांगायचं होतं. पांढरा पडलेला पत्रा, सैल पकड, सगळं ओठांवर होतं. एक वाक्य पुरलं असतं. ती म्हणाली, "आता दुसरा माणूस बघणार आहे. तो तुम्हाला विचारील. मी आधी काही बोलले तर तुमच्या जबाबाला अर्थ उरणार नाही. आणि त्या गाडीजवळ तुम्ही आपणहून जायचं नाही."

 बाबांनी मिक्सरचं झाकण बसवलं, चारही स्क्रू एकेक करून आवळले, आणि आत गेले. त्यानंतर अकरा दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. तेच कठीण होतं. ओरडले असते, तर तिला उत्तर देता आलं असतं. सकाळी चहा घेताना ते आपली बोटं उलटसुलट करून बघायचे, जणू कुणाची उसनी आणली आहेत. एका दुपारी ती लवकर आली तेव्हा ते खिडकीशी बसून तारेचे दोन तुकडे पिळत होते, सोडत होते, पुन्हा पिळत होते. तिला बघून त्यांनी हात पंच्याखाली घेतला. रात्रीची झोप गेली होती हे डोळ्यांवरून दिसत होतं. एक माणूस आपल्या चाळीस वर्षांच्या कामाकडे चोरासारखा बघतो आहे, आणि त्याला सोडवणारं वाक्य आपल्या तोंडात आहे, आणि आपण पोळ्या लाटतो आहोत. कसली ही तत्त्वं, असं तिला वाटे. मग वाटे, ज्यांच्याकडून घेतली त्यांनाच ती जड जाणार, दुसऱ्या कुणाला? हे दोन्ही विचार एकमेकांना उत्तर न देता तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिले, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांसारखे.

पुढे जे झालं ते नीटच झालं. पुण्याहून अनिल देवधेकर नावाचे वयस्क सर्व्हेयर आले. त्यांनी तिचे एकशे अठ्ठेचाळीस फोटो क्रमानं लावले, सीलबंद डबे पोलिसांसमोर उघडले, आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून बघितली. आग उजव्या अंगाला, सैल पकडीतून तापलेल्या भागावर डिझेल गळून लागली. डावीकडच्या तारेचं आवरण नंतर जळालं आणि तेव्हा त्या तारेत ठिणगी पडली, म्हणून मणी. जादा दिव्यांचा आगीशी संबंध नाही, असं त्यांनी लिहिलं. रस्त्यावरच्या मिस्त्रीची चूक हैबतीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. दावा मंजूर झाला. पावसाळ्याआधी कुडपणच्या वाटेवर हैबतीची दुसरी पिकअप दिसू लागली, आणि राहीबाईच्या तळव्यावर पांढरट चट्टा तेवढा राहिला. पण दर्शनाला या प्रकरणातलं आठवत राहिलं ते हे नव्हे. तिला आठवत राहिला जबाबाचा दिवस, अहवालाच्या आधीचा, जेव्हा यातलं काहीच बाबांना माहीत नव्हतं.

देवधेकरांनी बाबांना, चांगू कळंबे या नावानं, साक्षीसाठी पोलादपूरला बोलावलं. दर्शनानं त्यांना गाडीवरून आणलं आणि ती स्वतः त्या मोकळ्या जागेच्या फाटकाजवळ थांबली, जळक्या पिकअपपासून तीसेक पावलांवर. आत जाण्याचा तिला अधिकार नव्हता. देवधेकर प्लास्टिकच्या खुर्चीवर, बाबा बुटक्या स्टुलावर, हैबती आणि राहीबाई झाडाखाली. दुपार शांत होती आणि तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"धंदा?" देवधेकरांनी विचारलं.

बाबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "वायरमन," ते म्हणाले.

देवधेकरांनी त्यांच्यापुढे डबा धरला. "हा जोड तुमचा?"

बाबांनी डबा उजेडाकडे वळवला. आपल्याच हातच्या कामाकडे माणूस इतक्या लांबून बघू शकतो हे तिनं पूर्वी पाहिलं नव्हतं. "माझाच हाय," ते म्हणाले. "कुनाला इचारायची गरज नाय. पन सायेब, आनखी एक लिवा."

"काय?"

"तार जिथनं पत्र्याच्या भोकातनं जाते थितं रबराचा कडा बसवायला होवा, नाय तर पत्र्यानं तार कापते. मी नुसती टेप मारली. कडा संपलेला, महाडात जाऊन आनायचा कंटाळा केला. हैबतीला म्हनलो, चालंल. चालत नाय ता. मला ठावा होता."

देवधेकरांचं पेन थांबलं. "हे तुम्हाला मी विचारलेलं नाही, कळंबे. याचा अर्थ काय होऊ शकतो ते माहीत आहे ना?"

"माहीत हाय. अकरा दिस तोच इचार करतोय. ह्या मानसाची गाडी माझ्या हातानं जळली असंल तर तसा लिवा. नसंल तरी कडा नव्हता ता लिवा."

हैबती उठून उभा राहिला होता. दर्शनानं फाटकाची पट्टी घट्ट धरली. ही गोष्ट तिला माहीत नव्हती. भोकाचा फोटो तिच्याकडे होता, एक्क्याऐंशीवा की ब्याऐंशीवा, पण रबर आगीत गेलं की मुळातच नव्हतं हे राखेवरून सांगता येत नाही. ते फक्त एकाच माणसाला सांगता येत होतं, आणि त्यानं सांगितलं होतं.  तिनं फाइल परत केली होती, खरं. पण तिला वाचवणारा नियम तिच्या बाजूला होता. या माणसाच्या बाजूला काहीच नव्हतं.

"शेवटचं," देवधेकर म्हणाले. "पहिल्या सर्व्हेयरशी तुमचं काही नातं?"

"मी तिचा बाप."

"म्हणजे ती तुमची मुलगी."

"नाय, तुम्ही मी म्हनलो तसाच लिवा. दर्शना मॅडमचा बाप. हितं जरा वळख त्यांचीच जास्त हाय."

झाडाखालून हैबती मोठ्यानं म्हणाला, "ही तुझी लेक? अरे चांगू, आमाला एक शबूद बोलली नाय ती!" आणि राहीबाईनं पट्टी बांधलेला हात तोंडावर ठेवून फाटकाकडे पाहिलं.

देवधेकरांनी कागद पुढे केला. बाबांनी सही केली, अक्षर अक्षर बसवत, आणि उठायला गेले. स्टूल बुटकं, गुडघे आखडलेले. एका हातानं त्यांनी आधार शोधला आणि तो मिळाला नाही. दर्शनाचा पाय फाटकाच्या आत पडला.

"ए, थितंच थांब गो!" बाबा वर न बघता ओरडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "सायबांचा लिवून व्हायचाय अजून."

ती थांबली. पाय मागे घेतला. बाबांनी दोन्ही तळवे मांड्यांवर टेकवले, दम घेतला, एकदा घसरले, आणि दुसऱ्यांदा आपले आपण सरळ उभे राहिले. मग त्यांनी मान वळवून, ती फाटकाच्या बाहेरच उभी आहे ना, ते बघितलं.